सोनं शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांचे शेअर: बेळगाव-सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खाणीतला माणूस नव्हे. शाहापुरात वाढलो, आजोबा सराफी पेढीवर वही लिहायचे, मी पुढे करसल्लागार झालो. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेल्यापासून विवरणपत्र भरायला येणारे निम्मे लोक कागद पुढे सरकवता सरकवता एकच विषय काढतात: सोन्याची खाण शोधणारी अमुक एक कंपनी आहे, शेअर अजून स्वस्त आहे, घेऊ का? तीच ती उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढली. यात मी कुठलाही शेअर घ्या किंवा विका असं सांगत नाही. तसं सांगायला सेबीची नोंदणी लागते, ती माझ्याकडे नाही. तुम्हाला टेलिग्रामवर टीप देणाऱ्याकडे ती आहे का, हे त्याला जरूर विचारा.

‘ज्युनिअर’ मायनिंग कंपनी म्हणजे नेमकं काय?

जिच्याकडे खाण नाही अशी खाणकंपनी. विक्री नाही, नफा नाही, बहुतेक वेळा स्वतःचं यंत्रही नाही. असतो तो जमिनीच्या एका तुकड्यावर शोध घेण्याचा परवाना, दोन-चार भूवैज्ञानिक आणि लोकांकडून गोळा केलेले पैसे. त्या पैशातून मातीचे नमुने घ्यायचे, चर खणायचे, बोअर मारायचे. काही सापडलं तर ते मोठ्या कंपनीला विकायचं, नाही सापडलं तर दुसरा तुकडा शोधायचा. कॅनडाचं टीएसएक्स व्हेंचर आणि ऑस्ट्रेलियाचा एएसएक्स हे अशा कंपन्यांचे मोठे बाजार. आपल्याकडे बीएसईवर नोंदलेली डेक्कन गोल्ड माइन्स हेच नाव या संदर्भात वर्षानुवर्षं घेतलं जातं.

थोडक्यात, तुम्ही सोनं विकत घेत नाही. ‘इथे सोनं आहे का?’ हा प्रश्न आणि तो काही काळ विचारत राहण्याची ऐपत, एवढंच तुमच्या वाट्याला येतं.

पण सोन्याचा भाव वाढतोय. मग शोधणाऱ्या कंपनीचा शेअर वाढणारच ना?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. हट्टीसारख्या चालू खाणीत भाव वाढला की फायदा थेट होतो. ग्रॅम काढायचा खर्च तोच राहतो, विक्रीचा दर वाढतो. ज्युनिअर कंपनीकडे विकायला एक गुंजही नसते. भाव वाढला की तिला पैसे उभे करणं सोपं जातं, इतकाच तिचा लाभ. आणि पैसे उभे करणं म्हणजे नवे शेअर काढणं, त्याचा हिशेब खाली दिला आहे. शून्य गुणिले लाख म्हणजे शून्यच की.

हट्टीचे शेअर मिळतात का?

नाही. हट्टी गोल्ड माइन्स रायचूर जिल्ह्यात आहे आणि ती कर्नाटक सरकारची कंपनी आहे. कोलारची खाण चालवणारी भारत गोल्ड माइन्स केंद्र सरकारची होती, तिथलं काम 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झालं. हट्टीच्या नावानं कोणी ‘अनलिस्टेड शेअर’ देतो म्हणाला तर फोन ठेवा.

आपल्या बेळगावात सोनं आहे का? खानापूरच्या जंगलात आहे म्हणतात.

म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार. खडकाचं ऐका. निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड हा दख्खनचा बेसाल्ट, वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. गोकाकचा धबधबा ज्यावरून कोसळतो तो कलादगीचा वालुकाश्म. कर्नाटकातलं सोनं या दोन्हींत नाही. ते त्यांच्याहून फार जुन्या, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासच्या धारवाडी शिस्टच्या (पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाच्या) पट्ट्यांत सापडतं: कोलार, हट्टी-मस्की, चित्रदुर्ग-गदग, शिमोगा-धारवाड. हे पट्टे आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला पसरलेत. आपल्याकडे कारखाना उभा राहिला तो बॉक्साइटचा. बेळगावचा ॲल्युमिना कारखाना सगळ्यांनी पाहिलेला आहे.

गदगशी मात्र आपलं जुनं नातं आहे. कप्पतगुड्डाच्या डोंगररांगेत इंग्रजी अमदानीत सोन्याच्या खाणी चालल्या, आणि त्यांतल्या एकीचं नाव ‘सांगली माइन’. कारण शिरहट्टी तालुका तेव्हा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता, जसं आमचं शाहापूरही होतं. त्या भागात नाल्यातली वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या जालगार लोकांचा उल्लेख जुन्या कागदपत्रांत येतो. आपल्या सराफ गल्लीतला झारेकरी दुकानाचा केर धुऊन जे करतो, तेच काम, फक्त ओढ्यात. आता कप्पतगुड्डा अभयारण्य आहे. तेव्हा ‘गदगच्या डोंगरात कंपनीला साठा सापडलाय’ असं कोणी सांगितलं, तर पहिला प्रश्न साठ्याचा विचारू नका, हद्दीचा विचारा.

कंपनीनं जाहीर केलंय: ‘40 मीटरमध्ये टनाला 2 ग्रॅम’. हे चांगलं की वाईट?

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. कारखान्यात आपण उतारा विचारतो. टनभर उसातून किती साखर निघाली? खडकाच्या उताऱ्याला ‘ग्रेड’ म्हणतात. टनाला 2 ग्रॅम म्हणजे बाजारातल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी पाच टन खडक फोडायचा, तोही सगळंच्या सगळं सोनं हाती लागलं तर. उघड्या खाणीत, वरच्या वर मिळणारा असा खडक परवडू शकतो. सातशे मीटर खाली बोगदा मारून काढायचा असेल तर बहुधा परवडत नाही.

पण निम्मी गोष्ट त्या बातमीच्या पुढच्या ओळीत असते. तिथे लिहिलेलं असतं: ‘यात 1 मीटर टनाला 70 ग्रॅम.’ आता कागद-पेन्सिल घ्या. 40 गुणिले 2 म्हणजे 80. त्यातले 70 एकट्या एका मीटरनं आणले. उरले 10, ते 39 मीटरमध्ये वाटले तर टनाला पाव ग्रॅमच पडतो. म्हणजे चाळीस मीटर सोनेरी खडक वगैरे काही नाही, एक बारीकशी शीर आहे आणि बाकी दगड. कंपनी खोटं बोललेली नाही. तिनं सरासरी काढली, एवढंच. पाच भावांत एक डॉक्टर असला की घराची सरासरी मिळकत छान दिसते, तसं.

आणखी तीन गोष्टी बघायच्या. एक, ती लांबी बोअरच्या दिशेनं मोजलेली आहे की शिरेची खरी जाडी आहे. उभी शीर आणि तिरका बोअर असेल तर चार मीटरची शीर दहा मीटरची दिसते. दोन, किती खोलीवर लागलं. तीन, बाजूच्या बोअरमध्ये काय निघालं. सौंदत्ती-अथणीकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. एका बोअरला दीडशे फुटांवर पाणी लागलं म्हणून शेजारच्या रानात लागतंच असं नाही, आणि लागलं ते तलाव आहे की भेगेतली धार, हे दोन उन्हाळे गेल्याशिवाय कळत नाही. सोनं तर पाण्याहून लहरी. ते खडकात सारखं पसरलेलं नसतं, कणाकणानं अडकलेलं असतं. एकाच कोअरचे, म्हणजे बोअरमधून निघालेल्या दगडी दांड्याचे, दोन तुकडे दोन आकडे देऊ शकतात.

‘रिसोर्स’ आणि ‘रिझर्व्ह’ यांत फरक काय? दोन्हींचं मराठी ‘साठा’च होतं.

मराठी बातमीत होतं खरं, आणि तिथेच घोळ होतो. रिसोर्स म्हणजे खडकात एवढं असावं असा अंदाज. रिझर्व्ह म्हणजे त्यातलं खर्च, परवाने, यंत्रणा सगळं धरूनही फायद्यात काढता येईल असं सिद्ध झालेलं. रिसोर्समध्येही तीन पायऱ्या आहेत: इन्फर्ड, इंडिकेटेड, मेजर्ड. पहिली पायरी ही दोन-चार बोअरांवरून केलेली अटकळ, तिच्यावर खाणीची पक्की योजना आखता येत नाही. बातमीचा मोठा आकडा बहुतेकदा याच पायरीवरचा असतो. आपल्याकडे सरकारी भाषेत जी-4, जी-3, जी-2, जी-1 असं म्हणतात. जी-4 म्हणजे नुसती पाहणी, जी-1 म्हणजे तपशिलातला शोध. अंक कमी तितकी खात्री जास्त, हे लक्षात ठेवा. कारण जाहिरातीत जी-4 हे काहीतरी ‘चौथ्या पायरीपर्यंत पोचलो’ असं ऐकू येतं.

काय ओ, शेअर सहा रुपयांचा आहे, म्हणजे स्वस्तच की?

एका शेअरची किंमत विचारणं म्हणजे कुंद्याचा एक घास केवढ्याला असं विचारणं. डबा किती किलोचा ते विचारा. सहा रुपयांचे वीस कोटी शेअर म्हणजे बाजार त्या कंपनीला 120 कोटींची मानतो. हातात एक परवाना आणि चार बोअर असताना 120 कोटी स्वस्त की महाग, हा खरा प्रश्न.

आणि डबा वाढत जातो. समजा कंपनीचे 5 कोटी शेअर आहेत आणि तुमचे 50,000. तुमचा वाटा दर हजारात एक. बोअरिंगला पैसे हवेत म्हणून तिनं मोठ्या गुंतवणूकदारांना 3 कोटी नवे शेअर दिले. वर्षानं पुन्हा 4 कोटी. आता एकूण झाले 12 कोटी, तुमचे तेवढेच. वाटा निम्म्याहून खाली गेला. सोनं तेवढंच सापडलं असेल तर तुमच्या हिश्शाचं सोनं निम्म्याहून कमी झालं, आणि तुम्ही यातला एकही कागद सही केलेला नाही. त्यावर वॉरंट असतात, म्हणजे ठरलेल्या भावात पुढे शेअर घ्यायचा हक्क. भाव जरा वर चढला की वॉरंटवाले माल बाजारात ओततात. ‘चांगली बातमी आली तरी शेअर का पडला?’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

म्हणून ताळेबंदात मी आधी दोनच आकडे पाहतो: बँकेत रोख किती, आणि तिमाहीला खर्च किती. भागाकार केला की पुढचे नवे शेअर कधी निघणार याचा महिना साधारण कळतो. त्या खर्चात बोअरिंग किती आणि संचालकांचे पगार-प्रवास किती, तेही बघा. कागदावर सोन्याची कंपनी आणि खर्चात ट्रॅव्हल एजन्सी, अशा कंपन्या पुष्कळ आहेत.

सगळ्याच कंपन्या फसव्या असतात का?

नाही हो. बहुतेक प्रामाणिकपणेच हरतात. निसर्गानं तिथे सोनं ठेवलेलं नसतं, एवढंच त्यांचं पाप.

आपल्याच दक्षिणेत दोन्ही तऱ्हा एकाच काळात घडल्या. 1880 च्या सुमारास वायनाड-निलगिरीच्या सोन्यावरून लंडनच्या बाजारात वेड पसरलं. डझनावारी कंपन्या निघाल्या, भागभांडवल जमलं, आणि दोन-तीन वर्षांत सगळं झोपलं. त्याच वेळी कोलारलाही कंपन्या आल्या होत्या आणि तिथेही हात रिकामेच होते. म्हैसूर कंपनीचे पैसे संपत आले, भागधारक दुकान बंद करा म्हणू लागले. जॉन टेलर आणि मंडळींच्या आग्रहावरून उरलेल्या पैशात जुन्या खोदकामांखाली आणखी खोल गेले, आणि चॅम्पियनची शीर लागली. पुढे त्याच शिरेमागे कोलारचं खोदकाम तीन किलोमीटरहून खोल गेलं. गावोगाव सांगितली जाते ती कोलारची गोष्ट. वायनाडची कोणी सांगत नाही, कारण ज्यांचे पैसे गेले ते गप्प बसले.

परदेशातली जिंकलेली उदाहरणंही खरी आहेत. इक्वेडोरमध्ये ऑरेलियन नावाच्या छोट्या कंपनीला 2006 साली ‘फ्रूटा देल नॉर्ते’ हा सोन्याचा साठा सापडला आणि 2008 मध्ये किनरॉस या मोठ्या कंपनीनं तिला विकत घेतलं. 2022 मध्ये याच किनरॉसनं कॅनडातली ग्रेट बेअर घेतली. सुरुवातीला शिरून शेवटपर्यंत टिकलेल्यांचं भलं झालं. मात्र त्या दोन नावांच्या बाजूला नाव न घेता मेलेल्या किती, ते टीप देणारा सांगत नाही.

आणि फसवणूक झालीच तर कशी होते?

ब्री-एक्सचं प्रकरण वाचलंत तर दुसरं वाचायची गरज नाही. कॅनडातल्या कॅलगरीची ही कंपनी, जागा इंडोनेशियाच्या बोर्निओतलं बुसांग. नमुन्यांत एवढं सोनं दिसू लागलं की कंपनीची किंमत बाजारात सहा अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत गेली. मार्च 1997 मध्ये फ्रीपोर्ट कंपनीनं भागीदारीआधी स्वतःचे बोअर मारून पाहिले, तर नाव घेण्याजोगं काही निघेना. त्याच महिन्यात कंपनीचा भूवैज्ञानिक मायकेल दे गुझमान हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीनं शिक्कामोर्तब केलं: नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं.

आमच्या शाहापुरातल्या कुठल्याही कारागिराला ते कण दाखवले असते तर त्यानं भिंगातून बघून सांगितलं असतं. कण कडेनं गोलसर, गुळगुळीत होते. असे कण नदीत वाहून झिजलेल्या सोन्याचे असतात, खडकात जन्मलेल्या सोन्याचे नव्हेत. शिवाय रीत अशी की बोअरमधून निघालेला कोअर उभा चिरतात, अर्धा तपासायला पाठवतात, अर्धा जपून ठेवतात. ब्री-एक्स अख्खा कोअर भरडून टाकायची. मागे पुरावाच राहिला नाही.

त्यानंतर कॅनडानं 2001 मध्ये एनआय 43-101 हा नियम आणला: खनिजाची आकडेवारी पात्र, जबाबदार तज्ज्ञाच्या नावानंच द्यायची. ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता त्याआधीपासून, 1989 पासून आहे. म्हणून जाहीर पत्रकाच्या शेवटी बघायचं: तज्ज्ञाचं नाव आहे का, प्रयोगशाळा स्वतंत्र आहे का, मधूनमधून कोरे (सोनं नसलेले) आणि माहीत मूल्याचे नमुने गुपचूप घालून प्रयोगशाळेची परीक्षा घेतली का. नियम असला म्हणजे सोनं असतं असं नव्हे. खोटं बोलणं फक्त महाग होतं.

सोनं खरंच सापडलं, तर खाण किती दिवसांत?

दिवसांत मोजू नका. शोध, मग अंदाज, मग व्यवहार्यता अहवाल, जमीन, वन, पर्यावरण, पाणी, ग्रामसभा. मधल्या काळात नवी बातमी नसते, खर्च चालू असतो आणि शेअर विटतो. पिएर लासाँद या खाणउद्योजकाच्या नावानं ओळखली जाणारी एक वक्ररेषा आहे: शोधाच्या बातमीवर शेअर उसळतो, मग वर्षानुवर्षं खड्ड्यात जातो, आणि बांधकाम संपून उत्पादन जवळ आलं की पुन्हा वर येतो. टीप बहुतेकदा पहिल्या शिखरावर आपल्यापर्यंत पोचते.

भारतात त्यात कायद्याची भर. हावेरी जिल्ह्यातलं गणजूर आपल्यापासून काही दूर नाही. तिथे डेक्कन गोल्ड माइन्सनं शोध घेतला, पण खाणपट्ट्याचा, म्हणजे खाण चालवायच्या परवानगीचा, कागद वर्षानुवर्षं रखडला. 2015 मध्ये खाणकायदा बदलून खाणपट्ट्यांचा लिलाव आला आणि जुन्या अर्जदारांसाठी 10अ (2)(ब) या कलमाची फट ठेवली. 2021 च्या दुरुस्तीनं या कलमाखालचे प्रलंबित हक्कच संपवले. खडकात सोनं तसंच, कागदावरचं सोनं गेलं. 2023 च्या दुरुस्तीनं सोन्यासह 29 खनिजांसाठी शोध परवान्याची नवी वाट उघडली. आंध्रातल्या जोन्नागिरीच्या सोन्याला खाणपट्टा 2013 साली मिळाला, आणि त्यानंतरची दहा वर्षंही उभारणीतच गेली.

शिवाय खडक सोनं सोडायला तयार हवा. आर्सेनिकच्या खनिजात अडकून बसलेलं सोनं, ते विरघळवून काढणाऱ्या सायनाइडला सहजी वश होत नाही. उतारा कागदावर 5 ग्रॅम आणि हातात 3, असंही होतं.

कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे शेअर इथून घेता येतात का?

येतात. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. उसनवारीवर, मार्जिनवर व्यवहार करायला परवानगी नाही. वर्षाला 10 लाख रुपयांच्या वर रक्कम गेली की गुंतवणुकीवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता होतो. 24 महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर, अधिभार वेगळा. आणि एक शेअर असला तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावाच लागतो. तोटा झाला म्हणून दाखवायचा नाही असं काही नसतं.

घरचं सोनं सोसायटीत तारण ठेवून हे शेअर घेऊ का?

नको. आईची पाटली गहाण टाकून जमिनीतलं सोनं शोधायला जाणं, यावर मी अधिक काय लिहू. भिशीचा नंबर लागला म्हणून तेही नको. भिशी पुढचे महिने भरायची असते.

मग किती पैसे लावायचे?

खानापूरच्या एका शेतकरी आजोबांनी मला हाच प्रश्न विचारला, आणि उत्तरही त्यांनीच दिलं: ‘बोअर कोरडा गेला तर पुढच्या पेरणीला बी उरायला पायजे.’ ते घेऊन आकडा तुमचा तुम्हीच काढा. शिवाय विकायचं कधी हेही घेतानाच वहीत लिहा. या शेअरना गिऱ्हाईक विरळ असतं. लोअर सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागलं की चार-चार दिवस विकताच येत नाही, आणि तेव्हा ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो.

तुम्ही स्वतः कधी घेतलेत का?

घेतले. 2011 मध्ये, सोनं जोरात असताना, कॅनडातल्या एका ज्युनिअर कंपनीचे 6,000 शेअर 42 सेंटनं. नाव सांगत नाही, ती अजून आहे. चार महिन्यांत एका बोअरची बातमी आली आणि भाव 90 सेंटवर गेला. वर ज्या ‘यात 1 मीटर’ची फोड केली, तसलीच ओळ त्या पत्रकात होती. मी ती वाचली नव्हती. पहिली ओळ वाचून घरी श्रीखंड आणलं होतं. पुढच्या तीन बोअरांत काही लागलं नाही, नवे शेअर निघाले, पुन्हा निघाले, मग कंपनीनं दहाचा एक केला आणि माझे 600 उरले. आज भाव 12 सेंट. विकायचे तर ब्रोकरची फी वजा जाता हातात काय येईल ते मोजलं आणि सोडून दिलं. दर जुलैत गिऱ्हाइकांची विवरणपत्रं उरकली की स्वतःच्या परिशिष्टात ते 600 शेअर लिहितो, कंपनीचा पत्ता, देशाचा कोड, वर्षातला सर्वोच्च भाव, सगळं. गेल्या वर्षीचा सर्वोच्च भाव 14 सेंट होता.